रुग्णबाईंचं नाक

४ मार्च

प्रिय धाकट्या,

पाकीट उघडलंस हेच पुष्कळ झालं. तू पाकिटं फाडत नाहीस, कात्रीने कड कापतोस. म्हणजे या घटकेला तुझ्या हातात कात्री आहे आणि समोर माझं पत्र आहे. तेव्हा जपूनच लिहिते.

अकरा वर्षांनी लिहितेय. फोनच केला असता, पण मागे दोनदा केला तेव्हा तू "माफ करा बाई, राँग नंबर" म्हणून ठेवून दिलास. सख्ख्या बहिणीला "बाई"! पत्राला राँग नंबर म्हणता येत नाही, म्हणून हा खटाटोप. तुझं दुकान इथून बसने पाऊण तासावर, आणि पोस्टाला चार दिवस लागतात. लागू देत. अक्षराची मला चिंता नाही. डॉक्टरांचं अक्षर लागणारी या शहरात दोनच जातीची माणसं आहेत, औषधवाले आणि तू.

गैरसमज नको, हे पत्र निव्वळ कामाचं आहे.

माझ्याकडे एक रुग्णबाई आहेत. वय साठीच्या अलीकडे, किती अलीकडे ते महत्त्वाचं नाही. हुशार आहेत, स्वभाव जरा तिखट, पण मनाने वाईट नाहीत. तीन आठवड्यांपूर्वी सकाळी उठल्या तर समोरच्या इमारतीच्या दोन इमारती. त्यांचा डावा डोळा कानाच्या बाजूला वळत नाही. तो वळवणारी नस मेंदूच्या बुडाशी निघते आणि लांबलचक वाट काढत डोळ्यापर्यंत येते. वाटेत कुठेही काही बिनसलं की घरातल्या लाडावलेल्या मुलीसारखी आधी तीच रुसून बसते. मग लांबचं दुहेरी दिसतं, डावीकडचं तर फारच. पुस्तक वाचता येतं, माणसं वाचता येत नाहीत. त्यांना चष्म्याच्या डाव्या काचेवर दोनाचं एक करणारा प्रिझम हवा, जाड कड कानाकडे. ताकद सोबतच्या कागदावर लिहिली आहे.

तुलाच का, असं विचारशील. आमच्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावरही दुकान आहे, पण तिथला माणूस फार बडबड्या, आणि रुग्णबाईंना गाजावाजा नको आहे. तू बडबड्या नाहीस हे अकरा वर्षं सिद्ध केलं आहेस.

बाकी माझं उत्तम चाललंय. काल एक निवृत्त पोस्टमास्तर आले होते. त्यांना खिडकीच्या पडद्यावर टोप्या घातलेली बोटभर माणसं दिसतात, रांगेने चाललेली. बायकोला वाटलं म्हातारा भ्रमिष्ट झाला. मी तपासून सांगितलं, डोकं ठणठणीत आहे. डोळ्याच्या मधल्या भागाची झीज झाली आहे, तिथून मेंदूकडे बातमी जाईना, तेव्हा मेंदू आपल्या मनाच्या बातम्या छापायला लागला. पोस्टमास्तर इतके खूष झाले की दारापर्यंत जाऊन परत आले. म्हणाले, "डॉक्टर, माणसं असू देत. पण त्यांतला एक जण सारखा रांग मोडून पुढे घुसतो, त्याच्यावर काही औषध?"

तुझे भावोजी बरे आहेत. निवृत्त झाल्यापासून शाळेतली मुलं मिळेनात म्हणून माझ्यावर लक्ष ठेवतात. परवा म्हणाले, "समोरच्या गच्चीतल्या वहिनींना हात केलास तो पाण्याच्या टाकीकडे बघून का केलास?" मी म्हटलं, विचारात होते.

तुझी थोरली

ता. क. प्रिझम लवकर हवा. रुग्णबाईंना रोज जिने उतरावे लागतात.


१५ मार्च

धाकट्या,

उत्तर मिळालं. उत्तर म्हणजे तुझ्या दुकानाचा छापील फॉर्म. वर "माननीय ग्राहक" छापलेलं होतं, ते तू खोडलंसुद्धा नाहीस. दोन रकान्यांपुढे फुल्या : बाहुल्यांमधलं अंतर आणि नाकाचं माप.

दोन्ही सोबत पाठवते. रुग्णबाईंच्या यजमानांनी मोजली. ते निवृत्त भूगोल शिक्षक आहेत. (योगायोग.) त्यामुळे नाकाचा पायथा कुठे संपतो आणि उतार कुठे सुरू होतो यावर अर्धा तास गेला. त्यांनी आकृतीही काढली आहे, तिच्यात उत्तर दिशा दाखवायची गरज नव्हती. नाकाच्या मध्यावर जो उंचवटा दिसतो तो जन्माचा नाही. बाई लहानपणी झोपाळ्यावरून पडल्या होत्या.

मला स्वतःला सध्या डाव्या डोळ्याला रांजणवाडी झाली आहे, म्हणून पट्टी लावून काम करते. त्याचा आणि रुग्णबाईंचा काही संबंध नाही. पण आमच्या मुख्य सिस्टरना तू ओळखत नाहीस. त्या बाई ऑपरेशनच्या ट्रेमधला हरवलेला दोरा वासाने शोधतील. काल म्हणाल्या, "मॅडम, महिना झाला. एवढ्या दिवसांत रांजणवाडीला नातवंडं झाली असती." मी पट्टी काढून टाकली आणि मान डावीकडे वळवून बघायला लागले. तसं केलं की दोनाचं एक दिसतं. म्हणजे, अशा रुग्णांना दिसतं. गंमत अशी की मान वाकडी करून माणसाकडे तिरपं बघितलं की त्याला वाटतं आपण संतापलो आहोत. फायली मागायच्या आत टेबलावर येतात. तंत्रज्ञ वेळेवर हजर होतात. मोठे साहेब, म्हणजे आमचे विभागप्रमुख, त्यांनी तर दारातूनच "नंतर येतो" म्हणून पाय काढता घेतला. ते एकटेच सगळ्या विभागाला पुरून उरतात, आणि हल्ली जास्तच उरतात.

फक्त तपासणी समिती आली त्या दिवशी पंचाईत झाली. अध्यक्ष नेमके डावीकडून आले. त्यांनी हात पुढे केला आणि मी त्यांच्या शेजारच्या हवेशी मोठ्या आदराने हस्तांदोलन केलं. ते गृहस्थ सभ्य निघाले. त्यांनी आपला हात उचलून मी जिथे हलवत होते तिथे आणून दिला.

ऑपरेशनं मी सध्या नव्या डॉक्टरीणबाईकडे सोपवली आहेत. चाळिशीची आहे, हात चांगला आहे. तेवढी अक्कल मला आहे, हे तुला कळावं म्हणून लिहिलं. का लिहिलं कोण जाणे.

प्रिझम लवकर.

थोरली


२४ मार्च

धाकट्या!

अकरा वर्षांत तू मला तीन वाक्यं लिहिलीस आणि तीही ही?

"रुग्णाचं नाक ओळखीचं आहे, त्या झोपाळ्याला धक्का मीच दिला होता. दुहेरी दिसण्याचं कारण शोधलं का? एमआरआय झाल्याशिवाय मी काच घासणार नाही."

तू समजतोस कोण स्वतःला? एकोणतीस वर्षं मी हेच काम करते. दुहेरी दिसतंय म्हणून आलेल्या माणसाला स्कॅन कधी करायचा आणि कधी थांबायचं, हे लोक मला विचारायला परगावाहून येतात. त्यावर मी व्याख्यानं देते. माझ्या व्याख्यानाला लोक झोपत नाहीत! आणि तू, चौकटीचे स्क्रू पिळणारा, मला विचारतोस कारण शोधलं का? नाक ओळखीचं आहे म्हणे. नाक काय पुरावा असतो? तसली नाकं शहरात ढिगानं असतील. रुग्णबाईंना मी तुझा निरोप सांगितला तर त्या भडकतील.

भडकल्या आहेत.

बरं. मीच. झालं समाधान?

आता नीट ऐक. साध्या माणसाला दुहेरी दिसायला लागलं की त्याला एक भीती असते, ढोबळ, बिनचेहऱ्याची. मला ती भीती अनुक्रमणिकेसकट पाठ आहे. त्या नसेच्या वाटेवर काय काय निघू शकतं, कोणतं किती दिवसांत काय करतं, सगळं कोणत्या पानावर आहे तेसुद्धा. रोज सकाळी आरशासमोर उभी राहते, एक बोट डावीकडे नेते आणि डोळा किती वळतो ते बघते. मधल्या रेषेशी अडतो. मी स्वतःला सांगते, साखरेमुळे असेल, रक्तदाबामुळे असेल, आपोआप जाईल. हे दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी त्याला विचारलं असतं, "साखर तपासली का?" आणि तो "नाही" म्हणाला असता तर मी त्याला खुर्चीतून उठवलं असतं.

नाही तपासली.

भावोजींना हे माहीत नाही. नाक त्यांनी विज्ञानासाठी मोजलं अशी त्यांची समजूत आहे.

थोरली


२७ मार्च

धाकट्या,

तुझं उत्तर यायच्या आत लिहिते, कारण काल जे झालं ते कुणाला तरी सांगायलाच हवं, आणि इथे ज्यांना सांगावं ते सगळे त्या वेळी खोलीत हजर होते.

माझ्याकडे एक सुतार येतात. सहा महिन्यांपूर्वी मेंदूत रक्ताची गाठ झाली आणि दोन्ही डोळ्यांची डावी बाजू गेली. डोळे निर्मळ आहेत, पण डावीकडची अर्धी दुनिया मेंदूपर्यंत पोचतच नाही. सुरुवातीला ताटातलं डावीकडचं तसंच ठेवून उठायचे आणि सून कमी वाढते म्हणून भांडायचे. आम्ही त्यांना मान फिरवून फिरवून बघायला शिकवलं. आता पुन्हा स्टुलं करतात.

काल मी त्यांच्यासमोर बसून म्हटलं, "माझ्या नाकाकडे बघा, आणि बोट दिसलं की सांगा."

ते बघत राहिले. बराच वेळ. मग म्हणाले, "बोट राहू द्या. मॅडम, तुमचा डावा डोळा गुण्यात नाही."

मी म्हटलं, "काका, तुम्हाला अर्धंच दिसतं."

"हो. पण उरलेल्या अर्ध्यात तुमचा डावा डोळा आहे ना. चाळीस वर्षं मी काटकोन बघतोय. फळी केसभर तिरपी असली तरी माझ्या दातात कळ येते. तुम्ही आलात तेव्हापासून येतेय."

आता बघ. समोरासमोर बसलं की माझा डावा डोळा त्यांच्या उजव्या बाजूला येतो. माझा उजवा बिघडला असता तर तो त्यांच्या गेलेल्या अर्ध्यात पडला असता आणि मी सुटले असते. शरीररचनेने मला असा दगा याआधी कधी दिला नव्हता.

सिस्टरनी हातातला ट्रे खाली ठेवला. नवी डॉक्टरीणबाई पडद्यामागून बाहेर आली. दोघींनी एकमेकींकडे बघितलं, त्यावरून कळलं की बैठका आधीच झाल्या होत्या. डॉक्टरीणबाई माझ्या खुर्चीजवळ आली आणि अगदी माझ्याच आवाजात म्हणाली, "मान हलवायची नाही. फक्त डोळे. माझ्या बोटाकडे बघा."

ते बोट डावीकडे जायला लागलं. मी ते हजारो लोकांसमोर नेलं आहे, पण रुग्णाच्या बाजूने कधी पाहिलं नव्हतं. मध्यावर आलं आणि त्याची दोन झाली. मी म्हटलं, "एकच दिसतंय."

ती म्हणाली, "मॅडम."

एवढंच म्हणाली. मग मी "दोन" म्हटलं, आणि माझ्या डोळ्यांना पाणी आलं. सुतारकाका खिशातून रुमाल काढून माझ्याकडे धरत होते, पण चुकून सिस्टरना दिला.

स्कॅन सोमवारी आहे. तुला काही करायचं नाही. फक्त सोमवारी अकराला मी एमआरआयच्या नळीत असेन, एवढं माहीत असू दे.

थोरली


२ एप्रिल

धाकट्या,

डोकं रिकामं आहे! म्हणजे नको ते काही नाही. रिपोर्टची प्रत सोबत आहे, तू मागशीलच म्हणून. त्यात "वयोमानानुसार बदल" असं लिहिलं आहे, ते वाचू नकोस.

साखर निघाली. किती ते भावोजींना कळलं तेव्हा ते हा आकडा समुद्रसपाटीपासूनची उंची असावी अशा चेहऱ्याने ऐकत राहिले. साखरेने त्या नसेच्या बारीकशा रक्तवाहिनीचं तोंड दाबलं होतं. दोन-तीन महिन्यांत नस बहुधा पूर्ववत होईल. हे मी दर महिन्याला कुणाला ना कुणाला सांगते आणि मला कळायचं नाही की लोक ऐकून रडतात का.

सिस्टरनी माझ्या टेबलाच्या खणातले बिस्किटांचे पुडे जप्त केले. पाच निघाले. त्यांनी ते सगळ्या विभागासमोर ओळीने मांडले, शस्त्रक्रियेची हत्यारं मोजून मांडतात तसे.

नळीत वीस मिनिटं होते. आत इतका खडखडाट असतो हे मी कधीच कुणाला नीट सांगितलं नव्हतं. "थोडा आवाज येईल" म्हणायचे. थोडा! कुणीतरी कानाशी पत्रे ठोकत होतं. मला वाटलं होतं आत देव आठवेल, किंवा घर. आठवलं ते भलतंच. त्यावर पुढे लिहीन, किंवा नाही लिहिणार.

बाहेर आले तेव्हा बाकावर भावोजी बसले होते. मी त्यांना सांगितलं नव्हतं. म्हणाले, "दुकानातून फोन आला होता." माझ्यासाठी राँग नंबर, आणि त्यांच्याशी सरळ बोलतोस!

आता काच घासशील?

थोरली


११ एप्रिल

धाकट्या,

चष्मा पोचला. डब्यात चिठ्ठी : "जिने जपून. पहिले दोन दिवस जमीन तिरकी वाटेल." जमीन तिरकी वाटली. पण घातल्या घातल्या समोरची इमारत हळूच सरकून आपल्या जागी बसली आणि गच्चीतल्या वहिनी टाकीपासून सुटल्या. नाकावर तर असा बसलाय की उंचवट्यालाही बोचत नाही.

म्हणून आता लिहायलाच हवं. नळीत मला काय आठवलं ते.

अकरा वर्षांपूर्वी तू माझ्याकडे व्हायोलिन शिकवणाऱ्या एका बाईंना पाठवलं होतंस. सोबत चिठ्ठी होती. आजच दप्तरखान्यातून त्यांची फाइल काढून आणली. चिठ्ठी तिच्यात आहे. तू लिहिलं होतंस : "बाईंना दोन्ही बाजूंच्या कडा दिसत नसाव्यात. दाराच्या चौकटीला दोन्ही खांदे आपटतात. तीनदा नंबर बदलून दिला, दोष काचेत वाटत नाही. डोळ्यामागे बघावं ही विनंती."

त्याखाली लाल शाईत मी लिहिलं आहे : "चष्मेवाल्याने काच बघावी. मागे काय आहे ते बघायला मी आहे." आणि तेवढंच तुला फोनवरही ऐकवलं, बाहेर बसलेल्या रुग्णांना ऐकू जाईल अशा आवाजात.

हे तुला माहीत आहे. यावरून तू बोलणं टाकलंस. मी सगळीकडे सांगत आले की धाकट्याने एवढ्याशा गोष्टीचा डोंगर केला.

तुला माहीत नाही ते पुढचं. मागे काय आहे ते बघायला मी होते, आणि मी बघितलं नाही. कडांची तपासणी करायला वीस मिनिटं लागतात. बाहेर चाळीस माणसं होती. पण ते खरं कारण नाही. ती चिठ्ठी दुसऱ्या कुणाची असती तर मी तपासलं असतं. मी डॉक्टर झाले आणि तू झाला नाहीस, ही गोष्ट मला आयुष्यभर फार आवडत आली आहे, आणि त्या चिठ्ठीने तिला धक्का लागत होता. मी बाईंना सांगितलं, चष्म्याची सवय होईल.

आठ महिन्यांनी त्या परत आल्या. दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या अर्ध्या बाजू गेल्या होत्या. मेंदूच्या खाली एक ग्रंथी असते, तिथे गाठ वाढली होती आणि दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे दाबत होती. ऑपरेशन झालं. उजवा डोळा बहुतेक परत आला. डाव्याला आता हात हललेला कळतो, बोटं मोजता येत नाहीत. आठ महिने आधी पकडलं असतं तर तो डोळा राहण्याची चांगली शक्यता होती.

तू बरोबर होतास. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. भावोजींनाही नाही.

या पत्रात विनोद सुचला नाही. चिठ्ठी सोबत पाठवते आहे, ती तुझी आहे.

थोरली


२९ एप्रिल

धाकट्या,

तुझं उत्तर आलं नाही. मी वाट बघत बसले नाही, त्या बाईंकडे गेले.

जुना पत्ता फाइलमध्ये होता. तिसरा मजला, जिन्याला कठडा एकाच बाजूला, आणि वरून असा आवाज येत होता की कुणी मांजरीला करवतीने कापतंय. एक आठ-नऊ वर्षांची मुलगी व्हायोलिन शिकत होती. बाईंनी मला ओळखलं, आवाजावरून. मी वाटेत भाषण तयार केलं होतं. तोंड उघडलं तर म्हणाल्या, "डॉक्टर, बसा जरा. हिचा सूर लागायचाय."

पंचेचाळीस मिनिटं, धाकट्या! एकच ओळ. त्या मुलीला सूर लागला नाही, उलट सूर तिला बघून लपला. मी भिंतीशी खुर्चीत, मांडीवर पर्स, आणि मनात माझं भाषण आंबत चाललेलं. शेवटी मुलगी गेली, आणि मी सांगितलं. सगळं, क्रमाने, लाल शाईसकट.

बाई ऐकत होत्या आणि व्हायोलिनचा गज फडक्याने पुसत होत्या. मग म्हणाल्या, "हे मला ठाऊक आहे."

मी म्हटलं, "कसं?"

"चिठ्ठी माझ्याच हातात दिली होती ना तुमच्या भावाने. वाचली होती मी. आणि आठ महिन्यांनी तुम्ही जे सांगितलंत तेही ऐकलं. बेरीज करायला डोळे लागत नाहीत. मी तेव्हाच दुकानात जाऊन त्यांना सांगून आले."

म्हणजे तुला माहीत होतं. पहिल्यापासून! दरवर्षी त्या तुझ्याकडेच चष्मा करतात. म्हणाल्या, "डाव्या काचेचा मला काही उपयोग नाही, पण तुमचे भाऊ तीही उजवीइतकीच घासूनपुसून देतात."

मी विचारलं, "तो माझ्याबद्दल काय म्हणाला?"

"म्हणाले, ती येईल सांगायला. खोटं बोलते, पण तिला ते फार दिवस पेलवत नाही."

फार दिवस! अकरा वर्षं! माझ्याबद्दल इतका चांगला ग्रह तुझा कशावरून झाला होता?

मग मी विचारू नये ते विचारलं. माझ्यावर राग आहे का? बाईंनी गज खाली ठेवला. "होता. एक वर्षभर रोज सकाळी तुम्हाला शिव्या देत रियाज केला. हात पुष्कळ सुधारला. आता रोज नसतो. पण गेला असं नाही म्हणणार मी. जिन्यात डावीकडून कुणी आलं की असतो." मग म्हणाल्या, "आलात ते बरं केलंत. लवकर यायला हवं होतं."

खाली उतरताना डाव्या हाताला, बाईंना दिसत नाही त्याच बाजूला, कठडा नव्हता. मी भिंत धरून उतरले.

आमच्या विभागात आता नियम केला आहे. चष्म्याच्या दुकानातून चिठ्ठी आली की माणसाला कडांची तपासणी केल्याशिवाय सोडायचं नाही. मोठे साहेब कारण विचारत होते. मी कारण सांगितलं, पूर्ण. नव्या डॉक्टरीणबाईने नियम टाइप करून भिंतीवर लावला.

तुझी माणसं तू आजवर कुठे पाठवत होतास ते मला माहीत नाही. माझ्याकडे पाठव.

थोरली


१७ जून

धाकट्या,

हे पत्र पोस्टात पडणार नाही. तुझ्याच दुकानात बसून, तुझ्याच वहीच्या पानावर लिहिते आहे. वहिनी (तुझी बायको, गच्चीतल्या नव्हेत) म्हणाल्या, "हे काचा आणायला गेलेत, येतीलच." त्यांनी मला दारातच ओळखलं, मिठी मारली आणि बिनसाखरेचा चहा दिला. म्हणजे माझा साखरेचा आकडा या घरातही पोचला आहे.

डोळा बरा झाला. गेल्या आठवड्यात डॉक्टरीणबाईने बोट डावीकडे नेलं आणि ते शेवटपर्यंत एकच राहिलं. सिस्टरनी टाळी वाजवली आणि लगेच कुणी बघितलं का ते बघितलं. प्रिझम उतरला. सुतारकाकांना मुद्दाम दाखवायला उभी राहिले तर त्यांनी बराच वेळ निरखून "आता बसला" म्हणून सही केल्यासारखी मान हलवली.

पण मी आले ती दुसऱ्याच कामाने. माझ्या पत्राचं उत्तर तू लिहिलं नाहीस, पण मागच्या मंगळवारी ते एका ट्रकचालकाच्या खिशातून आलं. तुझ्या अक्षरातली चिठ्ठी, माझ्या नावाची : "डोकं दुखतं, उतारावर अंदाज चुकतो. मागे बघावं ही विनंती."

मी बघितलं. दीड तास बघितलं. कडा, रंग, बाहुल्या, नसा, सगळं. मोठ्या साहेबांना बोलावलं, डॉक्टरीणबाईला बोलावलं. तो बिचारा विचारायला लागला, "मी जगेन ना?" धाकट्या, त्याच्या डोळ्यामागे काहीही नाही. दोष काचेत आहे. उजवी-डावी काच अदलाबदल होऊन बसली आहे. चष्मा तुझ्या दुकानातला आहे.

सिस्टरनी गुपचूप लाल पेन आणून माझ्यापुढे ठेवलं. मोह किती झाला ते तुला सांगत नाही. मी निळ्याने लिहिलं : "आपले रुग्ण पाहिले. पाठवलंत ते योग्य केलंत. मागे सर्व ठीक. काच एकदा बघावी ही विनंती." पण हे कागदावर पाठवून माझं भागेना. तुझं तोंड बघायचं होतं.

इथे बसून तासभर झाला. मघाशी एक गृहस्थ आले, मला विकणारी समजले. मी म्हटलं, वहिनींना तेवढीच मदत. त्यांनी गोल चौकट निवडली. मी सांगितलं की तिच्यात ते दचकलेल्या घुबडासारखे दिसतात. ते निघून गेले. वहिनींनी मला गल्ल्यामागून उठवून ग्राहकांच्या खुर्चीत आणून बसवलं.

दार वाजलं.

तू आत आलास. हातात काचांचं खोकं, हनुवटीने धरलेलं. जाडा झालायस. केस बाबांसारखे मागे गेलेत. खोकं उतरवता उतरवता, माझ्याकडे न बघता म्हणालास, "बसा, दोन मिनिटांत बघतो."

वहिनी तोंडाला पदर लावून आत पळाल्या.

मी बसलेच आहे. तू एकेक काच उजेडाकडे धरून बघतोयस, आणि अजून वर बघितलेलं नाहीस.